पाठमोरा शॉट

"ताई, तिच्या तोंडाकडे बघू नकोस, हनुवटीकडे बघ," काचेपलीकडून दिगूचा आवाज माझ्या कानात शिरला. "हनुवटी हलली की तू सुरू. थांबली की तू गप."

"अन् मी आधीच सुरू झाली तं?"

"तर तिच्या अंगात आल्यासारखं दिसेल."

त्याच्या शेजारी बसलेले पेडणेकर हसले. पेडणेकर म्हणजे आवाज भरून घेणारे गृहस्थ, कपाळावर चष्मा चढवलेले. काचेच्या त्या बाजूला ते दोघं आणि त्यांची बटणं, या बाजूला मी, एक माइक आणि भिंतीवरचा पडदा. माझ्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि खाली जाड गालिचा होता. टाळी वाजवली तरी मेल्यासारखी वाजायची. मुंबईत येऊन एवढी शांतता मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

पडद्यावरची मुलगी म्हणजे मी. म्हणजे सिनेमातली सुमन, नायकाची थोरली बहीण. काम करणारी पोरगी दिसायला गोड होती, पण तिने तोंड उघडलं की आमचं अंजनगाव थेट पुण्यात जाऊन पडायचं. दिगूला हवी होती आमची बोली. त्याच सुमारास कुणीतरी माझं श्रावणातलं पोथीवाचन फोनवर घेतलं होतं, ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं आणि त्याने मला फोन केला. "ताई, सुमनचा आवाज तूच. दुसरा कुणाचा असूच शकत नाही."

आवाजाचं म्हणाल तर तो मी कुठे शिकायला गेले नव्हते. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, त्यांची वाचा गेली, पण कान शाबूत होते. त्यांना रोज काहीतरी ऐकायला लागायचं. पेपर झाला की पोथी, पोथी झाली की वाचनालयातून आणलेलं जे असेल ते. खतांच्या जाहिरातीसुद्धा मी त्यांना चढउतारासकट वाचून दाखवल्या आहेत.

दिगू माझा धाकटा भाऊ. घरी दिगंबर, लहानपणी माझा बाबू, सिनेमात गेल्यावर दिगंत. मी वीस वर्षांची असताना तो घरातून गेला. त्यानंतर दिवाळीला फोन आणि भाऊबीजेला कुरिअरने साडी. एका वर्षी तर मी त्या कुरिअरवाल्यालाच पाटावर बसवून ओवाळणार होते, पण त्याला पुढे बरीच घरं घ्यायची होती.

त्याचे आधीचे दोन सिनेमे पडले होते. "हा पडला तर चौथा नाही," असं त्यानेच मला सांगितलं. हा तिसरा म्हणजे त्याची स्वतःची गोष्ट. लहान गावातला माधव घर सोडतो, मुंबईत ठेचकाळतो, उठतो, आणि शेवटी मागे वळून आपल्या माणसांना सामोरा जातो. नवी सुरुवात, जुन्या जखमा वगैरे. मुलाखतींतही तो सांगायचा, "यातलं सगळं खरं आहे."

मी हौसेने आले होते, हे कबूल करते. डबे करणाऱ्या बाईला सिनेमात आवाज द्यायला मिळतो म्हटल्यावर मेसच्या पोरांनीच मला गाडीत बसवून दिलं होतं. आणि काम मला जमत होतं. गाय हाकलायचा एक, शेजारणीशी भांडायचा एक, भावाला राखी बांधायचा एक असे प्रसंग सकाळी भराभर झाले. पेडणेकर म्हणाले, "ताई, आमच्याकडे मोठमोठ्या बाया पंधरा वेळा करतात, तुम्ही दोनात उडवताय." मला गुदगुल्या झाल्या.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती. जेवायला बसलो तेव्हा मी ती काढली.

"दिगू, सिनेमातले आबा इतके लवकर कसे गेले रे? दोनदा खोकलले अन् तिसऱ्या वेळी फोटोले हार."

"लांबवलं तर कंटाळा येतो, ताई."

"मले बी येत होता."

पेडणेकरांचा घास हातातच राहिला. दिगू पाणी प्यायला.

"अन् सुमनचं लग्न लावलंस. घोड्यावर नवरदेव, बँड. चांगलं घर पाह्यलंस."

"तुला आवडलं नाही?"

"आवडलं ना. निदान कुठं तरी झालं."

"ताई, टोमणे नको ना मारू. प्रेमाने केलंय मी ते. तुझ्या वाट्याला यायला हवं होतं ते सगळं सुमनला दिलंय."

त्याने हे इतक्या मनापासून म्हटलं की मी त्याच्या पानात माझ्या डब्यातली मेथीची वडी टाकली. लहानपणी तो हिच्यासाठी हात पुढे करून उभा राहायचा. आताही त्याने ती आधी हुंगली, मग खाल्ली.

जेवण झाल्यावर आम्ही परत आपापल्या जागी गेलो.

"आता एकदम सोपं आहे," दिगू म्हणाला. "छोटा सीन. तू पाठमोरी आहेस, त्यामुळे ओठांची भानगड नाही."

"पाठमोऱ्या शॉटमध्ये काय वाट्टेल ते भरता येतं, ताई," पेडणेकर म्हणाले. "एका पिक्चरमध्ये आम्ही हिरॉइनच्या पाठीत सबंध पत्र घातलं होतं. नंतर सुचलं डायरेक्टरला."

पडद्यावर पहाट झाली. बाहेर झड लागलेली, कौलांवरून पाणी ओघळतंय. माधव पाठीवर पिशवी घेऊन मागच्या दाराशी येऊन थांबतो. त्याच्या खांद्यावरून आपल्याला न्हाणीघर दिसतं. आत सुमन ओल्या फरशीवर बसलेली, आपल्याकडे पाठ करून, काहीतरी कपडे घेऊन. ती वळत नाही. न वळताच बोलते. मग माधव डोळे पुसतो, वळतो आणि पावसात चालू लागतो.

माझ्यापुढच्या कागदावर तिचं बोलणं होतं: "जा तू. आबाची फिकर नको करू. मी हाये ना."

मी ते मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दिगू, हे मी कवा म्हटलं?"

"काय?"

"'जा तू.' कवा म्हटलं मी?"

काचेपलीकडे तो हसला. "ताई, सिनेमा आहे. ती सुमन आहे, तू नाहीस."

"सकायपासून तं म्हनून राह्यला, 'हे तुझंच आहे, जशी बोलतेस तशी बोल.' गाय हाकलताना मी होती अन् आता सुमन झाली?"

"हे बघ," त्याने आवाज समजुतीचा केला. तो आवाज मला ठाऊक होता, पोरं डब्याचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलताना असाच काढतात. "आजारी बापाला टाकून मुलगा जातो. त्याला पुढे दोन तास लोकांनी बघायचं आहे, त्याच्यासाठी रडायचं आहे. बहिणीने जा म्हटलं तरच ते त्याला माफ करतील. नाहीतर इंटरव्हललाच उठून जातील."

"जाऊ दे ना. घरी कोनी 'मी हाये ना' म्हननारी असन त्यायच्या."

"ताई."

"मले कोनी इचारलंच नव्हतं, दिगू. तू न इचारता गेला. मी सकायी तुले हाका मारल्या, वाड्यात पाह्यलं, मळ्यात पाह्यलं. दुपारी दूधवाल्यानं सांगितलं का तू स्टँडवर गाडीत बसला म्हनून. अन् आता मी मागून हुकूम देऊ, जा म्हनून? तेबी माझ्याच तोंडानं?"

पेडणेकरांनी घसा साफ केला. घरातल्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखे ते बटणांकडे बघत होते. "ताई, एक करू. नुसतं पिक्चर लावतो. आवाज नाही, काही नाही. तुम्ही शांतपणे बघा, मग ठरवू."

डबिंगचं काम असं असतं की तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावतात. संपला की लगेच पहिल्यापासून. पहिल्यांदा माझं लक्ष त्या शब्दांवर होतं, म्हणून बाकी काही दिसलं नव्हतं. आता कागद बाजूला ठेवला आणि नुसतं बघितलं.

झड. दार. माधवचा खांदा. फरशीवर बसलेली सुमन. ती मांडीवरचं कापड उचलते, काठाशी दातात धरते, मानेला एक झटका देते. मग दोन्ही हातांनी ओढून उभं फाडते. एक पट्टी बाजूला ठेवते. पुन्हा काठ दातात.

कापड डाळिंबी रंगाचं होतं. त्याला पिवळा बारीक काठ होता.

तुकडा संपला, पुन्हा सुरू झाला.

मी माइकच्या दांडीला धरलं.

आबा अंथरुणाला खिळल्यावर पहिलाच पावसाळा होता तो. आठवडाभर झड होती. त्यांच्याखाली घालायच्या चिंध्या धुवायच्या आणि वाळायच्या नाहीत. चुलीवर धरून वाळवल्या तरी दुपारपर्यंत पुन्हा सगळ्या ओल्या. घरातली जुनी धोतरं संपली, चादरी संपल्या, माझे दोन परकर संपले. दिगू गेला त्या दिवशी पहाटे आबांचं पुसायला हातात काहीच उरलं नाही, तेव्हा मी पेटी उघडून आईचं लग्नातलं लुगडं काढलं. आई जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. जाताना तिने ते माझ्या नावाने ठेवलं होतं, माझ्या लग्नात नेसायला. सुती होतं, जुनं, मऊ. पाणी चांगलं ओढून घेईल असं.

न्हाणीघरात बसून मी ते फाडलं. कात्री चालेना, म्हणून दातांनी.

पुढे मावशीने ते लुगडं मागितलं तेव्हा कसर लागली म्हणून सांगितलं. आबांना तर कळूच दिलं नाही. एकाही जिवाला मी हे कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आईचं लुगडं आणि त्याचं काय केलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तुकडा पुन्हा सुरू झाला. काठ दातात. मानेला झटका.

"दिगू," मी म्हटलं, "हे लुगडं कोनाचं?"

"कॉश्चूमवाल्यांनी आणलं."

"रंग कोनं सांगितला?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"काठ कोनं सांगितला? अन् दातानं फाडते म्हनून कोनं शिकवलं तिले?"

काचेपलीकडे दिगूने बोलायच्या बटणावरचं बोट काढलं. त्याचे ओठ हलत होते, पेडणेकर मान खाली घालून ऐकत होते, आणि माझ्या कानात नुसती पोकळी. हनुवटीकडे बघ म्हणाला होता. मी हनुवटीकडे बघितलं. ती थरथरत होती.

इतकी वर्षं मी त्याची वकिली केली होती. मावशी म्हणायची, "पोट्टा निर्दय निघाला." मी तिच्याशी भांडायचे. शेजारी म्हणायचे, मी त्यांच्याशी भांडायचे. माझं एकच म्हणणं असायचं: तो अंधारात गेला, गुपचूप गेला, कारण मला बघितलं असतं तर त्याचा पायच निघाला नसता. लेकरू होतं ते, त्याला झेपलं नाही, त्याने डोळे मिटून उडी टाकली. या एका वाक्यावर मी त्याला वर्षानुवर्षं घरात ठेवला होता. दिवाळीच्या फोनवर त्याच्याशी गोड बोलले होते.

आणि हा दारात उभा होता. माझ्यापासून चार हातांवर. सगळं बघितलं, रंग बघितला, काठ बघितला, दात बघितले. आणि मग गेला.

सिनेमाच्या खरेपणासाठी त्याने बारीकसारीक गोष्टीसुद्धा जशाच्या तशा उभ्या केल्या होत्या. गाईच्या गळ्यातली घंटा, आबांची काठी. या नादात त्याच्या लक्षातच आलं नाही की ही पहाट फक्त मला ठाऊक असायला हवी होती.

"इकडं ये," मी म्हटलं.

तो आला. ते जाड दार उघडून आत आला आणि भिंतीला लागून उभा राहिला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, दाढीत पांढरे केस, गळ्यात कुठलासा रंगीत रुमाल.

"तिथं नाही. दारात उभा राह्य. तवा होता तिथं."

"ताई, पेडणेकर ऐकतायत."

"ऐकू दे. पेडणेकर, लावा ते."

पेडणेकरांनी लावलं. झड, दार, खांदा. मी दिगूकडे पाठ केली आणि पडद्याकडे तोंड करून उभी राहिले.

"सांगायले आला होता ना मले? का नुसतं पाहायले आला होता? आता सांग. तवा सांगितलं नाही, आता सांग. मी वळत नाही. तिच्यासारखी पाठमोरीच राहीन."

पडद्यावर सुमनने काठ दातात धरला. मी वाट बघितली. मागे काही नाही. तिने पहिली पट्टी फाडली. मागे काही नाही. माझ्या मानेवर त्याचा श्वास जाणवतोय असं एकदा वाटलं, मग तेही वाटेना. त्या खोलीत पावलं वाजत नव्हती, माणूस आहे की नाही कळायला मार्ग नव्हता. मला वाटतं मी त्या क्षणी वीस वर्षांची झाले. भिजलेली, घाणीत बसलेली, आणि मागे कुणीतरी आहे असं उगीच वाटणारी.

"कोन हाये?" मी म्हटलं. "बाबू, तूच हायेस का रे मांगं? बोल ना रे, बाबू."

 वळून बघितलं तर जाड दार आपल्या आपण, सावकाश, मिटत होतं.

पुन्हा गेला होता.

मला इतका संताप आला की रडूही येईना. कानात पेडणेकरांचा आवाज आला, अगदी हळू. "ताई, लाल दिवा चालू होता. सवयीने मी... घेतलं गेलं ते."

"काय घेतलं गेलं?"

"तुमचं बोलणं. पुसू का?"

मी सांगायच्या आत त्यांनी ते पिक्चरवर बसवून लावलं. मुद्दाम लावलं की चुकून, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पडद्यावर पाठमोरी सुमन पट्टी फाडते आणि माझ्या आवाजात विचारते, "कोन हाये? बाबू, तूच हायेस का रे मांगं? बोल ना रे, बाबू." आणि माधव डोळे पुसतो, वळतो आणि पावसात चालू लागतो.

माणूस तोच, पाठ तीच, पाऊस तोच. पण आता तिने हाक मारली होती आणि तो गेला होता.

"बापरे," पेडणेकर म्हणाले, आणि चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला.

"पुसू नका," मी म्हटलं आणि बाहेर गेले.

दिगू जिन्यात बसला होता, सगळ्यांच्या चपला काढून ठेवल्या होत्या तिथेच, त्या चपलांच्या मधोमध. मी एक पायरी वर उभी राहिले. बसले नाही.

"हिंडून-फिरून दारच सापडते तुले," मी म्हटलं.

"मला नाही जमलं, ताई."

"मले जमलं? मले कोनी जमते का म्हनून इचारलं तरी होतं का?"

त्याने तळव्यांनी तोंड चोळलं. बोलला तेव्हा त्याच्या तोंडातून मुंबई गेली होती.

"सांगायलेच आलो होतो. पिशवी दाराच्या मांगं ठेवली होती. मनात होतं, तुले सांगीन, तू रडशीन, मले थांबवशीन, अन् मी थांबीन. खरंच थांबलो असतो, ताई. पन तू ते मायचं लुगडं दातात धरलं. अन् मले वाटलं, मी थांबलो तं उद्या मीबी इथंच बसीन, तुझ्या बाजूले. आपन दोघं मिळून घरातलं एक एक काढू अन् फाडू. तुले पाहून गेलो मी. नसतं पाह्यलं तं गेलो नसतो."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता बहुतेक, कारण त्याने मान आत घेतली, लहानपणी घ्यायचा तशी. मी हात कठड्यावर ठेवला.

"हे लिहिलं काहून नाही?"

"काय?"

"हेच. आता बोलला ते. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून निघालेलं पह्यलं खरं वाक्य आहे हे. 'तुले पाहून गेलो.' त्याच्या जागी मले 'जा तू' म्हनायले लावतो? गेला तो गेला, दिगू. अठरा वर्षांचा होता, भेला, गेला. ते मी गिळलं होतं. पन आता माझीच परवानगी माझ्याच आवाजात लिहून घेतो तू? म्हंजे लोकं टाळ्या वाजवतीन अन् म्हनतीन, बहीन किती मोठ्या मनाची! मले नाही व्हायचं मोठ्या मनाचं. माझं मन जेवढं आहे तेवढंच आहे."

"असा हिरो कुणी बघणार नाही, ताई."

"तो हिरो असन. तू नाही."

खालून कुणीतरी चहाची किटली घेऊन वर आला, आमच्याकडे बघून तसाच मागे फिरला.

"माझं ते पेडणेकरांनी भरलंय," मी म्हटलं. "मी मांगं कोन हाये म्हनून इचारलं ते. त्या जागी तेच राहीन. नाहीतर माझा सगळा आवाज पुसून टाक, गाय हाकलल्यापासून. दुसरी कोनी बाई पाह्य. मी घरी चालली."

"आता कुठे दुसरी बाई बघू? तारीख लागलीये रिलीजची."

"ते तू पाह्य. मले बी पाहा लागलं होतं."

त्याने पुढ्यातल्या चपला बाजूला सारल्या. मग उठला. माझ्याजवळून वर गेला. मी मागोमाग गेले आणि काचेच्या त्या बाजूला, पेडणेकरांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"लावा," दिगू म्हणाला.

पेडणेकरांनी लावलं. माझी हाक आली, माधव वळला, गेला. दिगूने ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याने पडद्याकडे बघणं सोडलं आणि नुसतं ऐकलं.

"'जा तू' काढून टाका," तो म्हणाला.

"काढलं," पेडणेकर म्हणाले. "आणि मागचं म्युझिक? तिथे सतार टाकलीये, आशीर्वादाची."

"तीही काढा."

"मग काय ठेवू?"

"कापड फाटल्याचा आवाज ठेवा. अन् ताईचा."

त्या संध्याकाळी राहिलेले प्रसंग मी पूर्ण करून दिले. लग्नाच्या वेळी सुमन रडते तेही रडले, चांगलं रडले. दिगूने मध्ये एकदाही मला सूचना दिली नाही. मला स्टेशनवर सोडायला आला. गाडी हलताना म्हणाला, "पोचल्यावर फोन कर." मी "हो" म्हटलं आणि केला नाही. चार दिवसांनी त्याचाच आला.

सिनेमा लागला. पहिल्या आठवड्यात त्याच्याबद्दल बरंवाईट बरंच छापून आलं. नायक मनातून उतरतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची होती. दिगू ती कात्रणं मला फोनवर पाठवायचा, वर काही न लिहिता.

दुसऱ्या आठवड्यात तो आमच्याकडे लागला. दिगू त्यासाठी गावी आला. आला तो माझ्याच घरी उतरला. दुपारच्या बायकांच्या खेळाला आम्ही दोघं जाऊन बसलो. कुणी त्याला ओळखलं नाही, दाढीत ओळखण्यासारखं काही उरलंही नव्हतं. आमच्या मागच्या रांगेत पाटीपुऱ्यातल्या पाच-सहा बायका होत्या, पोरंसोरं घेऊन, फुटाणे खात. सिनेमा सुरू झाल्यापासून त्या पडद्याशी बोलत होत्या. आमच्याकडे बायका तशाच बघतात, पडद्यावरच्या माणसाला ऐकू जातं असं धरून.

पहाट आली. झड आली. कापड फाटल्याचा आवाज इतका मोठा आला की फुटाण्यांचा आवाज थांबला. मग माझा आवाज आला, चारी भिंतींतून.

"कोन हाये? बाबू, तूच हायेस का रे मांगं? बोल ना रे, बाबू."

माधव वळला.

"ऐकू नाही आलं का रे मुडद्या!" मागची एक बाई ओरडली. "बहीन बोलावून राह्यली ना तुले!"

"मांगं पाह्य ना!" दुसरी म्हणाली. "मांगं पाह्य, कुठं चालला तोंड घेऊन?"

"जाऊ दे ओ, त्याले काय? चिंध्या तिच्या हातात आहेत."

माधव पावसात चालत गेला. बायका बोलतच राहिल्या. एकीने त्याची आई काढली, एकीने शाप दिला, एक म्हातारी नुसतीच "अरेरेरे" करत होती. इतकी वर्षं जे मी कुणाला बोलू दिलं नव्हतं, ज्यासाठी मी मावशीशी भांडले होते, ते सगळं त्या बोलत होत्या, आणि या खेपेला त्याच्या बाजूने कुणी वकील उभा राहिला नाही.

दिगूने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्याचा हात माझ्या हाताला लागून होता. तो उठेल असं मला वाटलं. दरवाजा जवळच होता, लाल अक्षरं चमकत होती.

तो उठला नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला नाही, आणि माझा हात बाजूलाही घेतला नाही. म्हटलं, ऐकू दे.